टीएत (प्रादेशिक सेनेत) भरती झालात? मग नोकरीची रजा अशी बांधून घ्या

कोल्हापूरजवळच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी बरीच वर्षं काढली. हजेरी, ओव्हरटाइम, रजा, पीएफ, सगळं माझ्या खिडकीतून जायचं. एका जूनमध्ये मशीन शॉपमधला एक फिटर खिडकीशी आला आणि म्हणाला, "साहेब, टीएचं बोलावणं आलंय. परवा निघतो." मी म्हटलं, "जा, आल्यावर बघू." अर्ज घेतला नाही, कागदाची झेरॉक्ससुद्धा ठेवली नाही. दहा दिवस उलटले आणि सिस्टीमनं आपल्या आपण त्याच्या घरी गैरहजेरीची नोटीस धाडली. घरी म्हातारी आई, पत्र इंग्रजीत. शेजारच्या पोरानं अर्थ लावला, "काकी, काढलंय वाटतं कामावरून." ते सगळं निस्तरायला तीन महिने गेले, आणि निम्मी चूक माझी होती.

म्हणून हे लिहितोय. टीएत नव्यानं जाणाऱ्यांसाठी, आणि माझ्यासारख्या खिडकीच्या आत बसलेल्यांसाठीही.

आधी टीए म्हणजे काय, थोडक्यात

टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मी, कागदोपत्री नाव 'प्रादेशिक सेना'. १९४८च्या कायद्यानं ती उभी राहिली, ९ ऑक्टोबर १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्‌घाटन झालं, आणि तोच दिवस आजही टीए दिन म्हणून पाळतात. कल्पना साधी आहे: माणूस एरवी आपल्या पोटापाण्याच्या धंद्यात, आणि ठरलेले दिवस किंवा गरज पडेल तेव्हा वर्दीत. ही कायमची नोकरी नव्हे आणि पेन्शनची हमीही नव्हे. उलट अधिकारी म्हणून अर्ज करताना तुमच्याकडं आधीपासून कमाईचं साधन आहे याचा पुरावा द्यावा लागतो.

आपल्याकडं टीए परकी नाही. कोल्हापुरात टेंबलाईवाडीला १०९ मराठा लाइट इन्फंट्री, पुण्यात १०१, देवळालीला ११६ पॅरा, भुसावळला ११८ ग्रेनेडियर्स, छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचं औरंगाबाद) झाडं लावणारी १३६ इको बटालियन. धोनीमुळं लोकांना टीएचं नाव कळलं हे खरं, पण तो २०११ पासून मानद लेफ्टनंट कर्नल आहे. त्याला टाइम ऑफिसात अर्ज द्यावा लागत नाही. तुम्हाला लागतो.

दोन शब्द लक्षात ठेवा, युनिटमध्ये दिवसातून दहादा कानावर पडतील: 'एम्बॉडीड' म्हणजे सेवेत घेतलेला आणि 'डिसएम्बॉडीड' म्हणजे सेवेतून मोकळा करून घरी पाठवलेला. या दोन तारखांवर तुमची रजा उभी असते.

कायदा नेमकं काय देतो

प्रादेशिक सेना अधिनियम, १९४८, कलम ७अ. एचआरमधल्या बऱ्याच जणांनी हे कलम ऐकलेलंच नसतं, त्यामुळं त्यांच्यावर चिडू नका. प्रिंट काढून द्या. कलमाचा गाभा असा:

ज्याला सैनिकी सेवा करावी लागणार आहे त्याला आवश्यक तेवढी रजा देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. सेवा संपल्यावर त्याला पुन्हा कामावर घेणं हेही कर्तव्य, आणि तेही अशा कामावर नि अशा अटींवर, की मधे खंड पडला नसता तर त्याला जे मिळालं असतं त्यापेक्षा कमी असू नये. म्हणजे मधल्या काळात तुमच्या बॅचला वेतनकरारात वाढ मिळाली असेल, तर परतल्यावर तुम्ही जुन्या पगारावर राहत नाही.

यात 'सैनिकी सेवा' म्हणजे फक्त युद्ध नव्हे. प्रशिक्षणासाठी एम्बॉडी केलं, नागरी प्रशासनाच्या मदतीला बोलावलं, महत्त्वाच्या ठिकाणी पहाऱ्याला लावलं किंवा नियमित सैन्याच्या जोडीला पाठवलं, हे सगळं कलम ७ मध्ये बसतं. "लढाई कुठं आहे? हा तर कॅम्प आहे," असं सुपरवायझर म्हणाला तर हेच उत्तर द्यायचं.

चलाखीलाही कायद्यानं जागा ठेवलेली नाही. बोलावणं येणार याचा सुगावा लागून मालकानं आधीच माणसाला काढून टाकलं, तरी जबाबदारी त्याच्यावर राहते. आणि आदेश निघाल्यानंतर काढलं असेल, तर जबाबदारी टाळण्यासाठीच काढलं असं गृहीत धरलं जातं. तसं नव्हतं हे मालकानं सिद्ध करायचं.

आता यात काय *नाही* ते पाहा. कलम रजेबद्दल बोलतं, पगारी रजेबद्दल नाही. खासगी कंपनीनं त्या महिन्यांचा पगार दिलाच पाहिजे असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. एम्बॉडीड असताना तुम्हाला सैन्याचा पगार आणि भत्ते नियमित सैनिकाच्या दरानं मिळतात. काही कंपन्या फरक भरून देतात, काही पहिले पंधरा दिवस पगारी धरतात. तो त्यांचा मोठेपणा. मागून बघायला हरकत नाही, पण हक्क म्हणून भांडू नका.

भरतीच्या आधी साहेबाला सांगा

बहुतेकांची गोची इथंच होते. लपूनछपून मुलाखत देतात आणि निवड झाल्यावर बॉम्ब टाकतात. कायदा तुमच्या बाजूनं आहे, पण साहेबाबरोबर पुढची पंधरा वर्षं काढायची आहेत.

सांगताना आकडे घेऊन जा. अधिकारी होणाऱ्यांचं गणित असं: पहिल्या वर्षात एक महिना प्राथमिक प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचा वार्षिक कॅम्प (पहिल्या वर्षीही), आणि पहिल्या दोन वर्षांत कधीतरी डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत तीन महिने. बेरीज केली तर पहिल्या दोन वर्षांत आठ महिने. त्यानंतर वर्षाला दोन. जवानांसाठी हे दिवस युनिट शहरी आहे की नाही यावर ठरतात, म्हणून भरती होताच युनिटमधून वर्षभराचा तक्ता मागून घ्या. शहरी युनिटचं बरंचसं प्रशिक्षण सुट्टीच्या दिवशी उरकतं, त्याला रजा लागतही नाही.

पण तक्ता दाखवून "एवढंच" असं वचन देऊ नका. अनेक पायदळ बटालियन प्रत्यक्षात वर्षानुवर्षं एम्बॉडीड राहतात, काश्मीरमध्ये किंवा ईशान्येला. मे २०२५ मध्ये केंद्रानं लष्करप्रमुखांना टीएतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला बोलावण्याचे अधिकार दिले. ३२ पैकी १४ पायदळ बटालियनचा त्या अधिसूचनेत उल्लेख आहे आणि तिची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. तेव्हा साहेबाला खरं तेच सांगा: साधारण एवढे दिवस, पण बोलावलं तर जावंच लागेल.

या वेळी कंपनीकडून दोन कागद घेऊन ठेवा. एक, नोकरीत असल्याचा दाखला, तो अर्जाला लागतोच. दुसरा, तुम्ही टीएत जात असल्याची कंपनीनं घेतलेली नोंद. साधा पोच देणारा ई-मेल असला तरी चालेल. उद्या मॅनेजर बदलला की हाच ई-मेल तुमचा साक्षीदार.

तुम्ही कंत्राटदारामार्फत कामाला असाल तर नीट बघा, तुमचा मालक कोण. गेटवर नाव मोठ्या कंपनीचं असतं, पगाराच्या स्लिपवर ठेकेदाराचं. ज्याच्या नावानं पीएफ भरला जातो, अर्ज त्याला द्यायचा आणि प्रत मोठ्या कंपनीच्या एचआरला. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल आणि मुदत सेवेच्या काळातच संपत असेल, तर माझ्या वाचनाप्रमाणं कलम ७अ ती मुदत वाढवून देत नाही. जाण्याआधीच नूतनीकरणाचं बोलून घ्या.

बोलावणं आलं, आता काय लिहायचं

तोंडी सांगून निघायचं नाही. अगदी उद्या निघायचं असलं तरी ई-मेल करून निघा. का, तर बहुतेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत (कामगारांसाठीच्या लेखी नियमांत) दहा दिवसांपेक्षा जास्त विनापरवाना गैरहजेरी ही गैरवर्तणूक धरतात. सिस्टीमला तुम्ही बारामुल्लाला आहात की बारामतीला, काही कळत नाही. तिला रजेची नोंद दिसली पाहिजे.

मूळ आदेशाची प्रत सरसकट कुणालाही देऊ नका. त्यात हालचालीची माहिती असू शकते. युनिटच्या अ‍ॅडज्युटंट ऑफिसात (युनिटची कागदपत्रं बघणारं ऑफिस) "मालकासाठी दाखला द्या" म्हणून सांगा. तुमचं नाव, युनिट, कधीपासून हजर व्हायचं आणि साधारण किती काळ, एवढं त्यात असलं की टाइम ऑफिसचं काम भागतं. तुम्ही कुठल्या चौकीवर जाणार हे आम्हाला कळायची गरज नाही, आणि टाइम ऑफिसात गप्पा किती होतात हे मला ठाऊक आहे.

अर्ज असा करा:

> प्रति,
> व्यवस्थापक, एचआर विभाग
>
> विषय: प्रादेशिक सेनेतील सेवेसाठी रजा (प्रादेशिक सेना अधिनियम १९४८, कलम ७अ)
>
> महोदय,
> मी (नाव, टोकन क्रमांक, विभाग) प्रादेशिक सेनेच्या (युनिट) मध्ये आहे. मला दि. ____ रोजी सेवेत हजर व्हायचे आहे. सेवा अंदाजे दि. ____ पर्यंत चालेल. या काळाची रजा कलम ७अ नुसार मंजूर करावी व हजेरीपत्रकात ती 'रजा' म्हणूनच नोंदवावी. मुदत वाढल्यास युनिटचा दाखला पाठवीन. या काळातील पत्रव्यवहार (ई-मेल) वर आणि (घरचा पत्ता) येथे करावा.
> सोबत: युनिटचा दाखला.

दोन प्रती काढा. एकीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्या. शिक्का द्यायला कुणी कां-कूं केलं तर ती प्रत स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. "मंजुरी मिळाल्यावर जा" असं म्हणाले तर? मंजुरीसाठी थांबून आदेशाची तारीख चुकवायची नाही. तिकडं न गेल्यास होणारी कारवाई सैन्याच्या कायद्यानं होते.

पगार, पीएफ आणि बाकीचे हिशोब

इथं जरा सावकाश वाचा. माणसं निघायच्या गडबडीत हे विसरतात आणि दोन वर्षांनी माझ्या खिडकीशी येतात.

पीएफ: पगार नसेल त्या महिन्यांत वर्गणी जात नाही. भरण्यात ते दिवस 'एनसीपी' म्हणून, म्हणजे वर्गणी नसलेले दिवस म्हणून दाखवले जातात. इथपर्यंत ठीक. खरा घोटाळा होतो तो एखाद्या उत्साही क्लार्कनं पोर्टलवर तुमची 'नोकरी सोडल्याची तारीख' भरली की. तिथं तारीख पडली की कागदावर तुमची नोकरी संपली. जाताना सांगून जा आणि महिन्याभरानं यूएएननं (तुमच्या पीएफ क्रमांकानं) लॉगिन करून स्वतः बघा. कलम ७ब म्हणतं, की सैनिकी सेवेच्या काळात भविष्य निर्वाह निधी किंवा तत्सम योजनांमधले नियमांनी ठरवलेले हक्क चालू राहतात. त्याचा आधार घेऊन तारीख दुरुस्त करून मागता येते. पण न पडलेली बरी.

ग्रॅच्युइटी: सलग सेवा मोजताना रजेचा काळ तोडत नाहीत. विनारजा गैरहजेरीनं मात्र घोटाळा होऊ शकतो, जर कंपनीनं ती 'सेवेत खंड' असा आदेश काढला तर. अर्जात 'रजा म्हणूनच नोंदवावी' हे वाक्य मी घातलंय ते यासाठी.

ईएसआय (कामगार राज्य विमा): तुमचा पगार त्याच्या मर्यादेत येत असेल तर सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवस भरावे लागतात, तरच आजारपणाचा भत्ता मिळतो. एप्रिल ते सप्टेंबर एक काळ, ऑक्टोबर ते मार्च दुसरा. दोन महिन्यांचा कॅम्प बहुधा यात बसून जातो, सहा महिन्यांची सेवा बसत नाही. कंपनीचा मेडिक्लेम असेल आणि घरच्यांचा हप्ता पगारातून कापला जात असेल, तर बिनपगारी महिन्यांत तो कोण भरणार हे लेखी विचारा. आई-वडिलांचं ऑपरेशन तुमचा कॅम्प संपायची वाट बघत नाही.

कर्जाचा हप्ता: हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा मुद्दा. गृहकर्ज कंपनीच्या पगारखात्यातून कटतं, सैन्याचा पगार दुसऱ्याच खात्यात येतो. पहिल्याच महिन्यात हप्ता बाउन्स. निघण्याआधी पगारखात्यात दोन हप्त्यांएवढी रक्कम ठेवा, किंवा बायकोला नाहीतर भावाला पैसे वळते करायला शिकवून जा.

आणि मार्च संपल्यावर दोन्हीकडून फॉर्म १६ घ्या. दोन्ही पगार मिळून कर जास्त निघतो आणि कुणीही पूर्ण कापलेला नसतो.

तिकडं असताना

फार काही करायचं नाही. मुदत वाढली की वाढीचा दाखला ई-मेलनं पाठवा, एवढंच. मुदत वाढल्याचं न कळवणं म्हणजे पुन्हा विनापरवाना गैरहजेरी. पत्नीच्या किंवा भावाच्या फोनमध्ये अर्जाचा आणि दाखल्याचा फोटो ठेवा. रेंज नसेल तेव्हा कंपनीला तेच उत्तर देतील. त्या फिटरच्या आईकडं एवढं जरी असतं तरी ती नोटीस बघून तिनं अंथरूण धरलं नसतं.

परत आल्यावर: दोन महिन्यांचं घड्याळ

अख्ख्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा.

सेवा संपल्यापासून दोन महिन्यांत तुम्ही कामावर घेण्यासाठी मालकाकडं अर्ज केला नाही, तर तोच मालकाचा बचाव ठरतो. कलम ७अ मध्येच तसं लिहिलंय. बाकी सगळं तुमच्या बाजूनं असलं तरी इथं हात रिकामे होतात. आणि दोन महिने भुर्रकन जातात: घरी आलात, गावची जत्रा, शेताची पेरणी, बहिणीचं लग्न, जरा विश्रांती. "साहेबाला फोन केलाय, म्हणाला ये पुढच्या महिन्यात." फोन म्हणजे अर्ज नव्हे.

डिसएम्बॉडीमेंटची तारीख लिहिलेला कागद युनिटमधून घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. घरी आल्याच्या आठवड्यात हा अर्ज द्या:

> विषय: सैनिकी सेवा संपल्यानंतर कामावर रुजू करून घेण्याबाबत
>
> महोदय,
> दि. ____ पासून मी प्रादेशिक सेनेत सेवेत होतो. माझी सेवा दि. ____ रोजी संपली आहे. मी दि. ____ पासून कामावर रुजू होण्यास तयार आहे. कलम ७अ नुसार मला कामावर घ्यावे.
> सोबत: सेवा संपल्याचा दाखला.

पुन्हा पोच, पुन्हा शिक्का, नाहीतर स्पीड पोस्ट. रुजू झाल्यावर पहिल्या पगाराची स्लिप आणि सिनिऑरिटी लिस्ट डोळ्यांखालून घाला. मधे वेतनकरार झाला असेल तर तुमचा ग्रेड त्याच्याशी ताडून बघा.

नाही म्हणाले तर

आधी बोला. माझ्या अनुभवात दहातली आठ भांडणं एचआरच्या टेबलावर कलमाची प्रिंट ठेवली की मिटतात. युनियन असेल तर तिला सोबत घ्या. युनिटच्या कमांडिंग ऑफिसरनं कंपनीला एक पत्र लिहिलं तर त्याचाही वजनदार परिणाम होतो. हे पत्र मागायला लाजू नका, युनिटला हे नवीन नसतं.

तेवढ्यानं भागलं नाही, तर प्रकरण विहित, म्हणजे नियमांनी ठरवून दिलेल्या, प्राधिकाऱ्याकडं नेता येतं. तो कोण आणि अर्ज कुठं द्यायचा, हे युनिटकडून लेखी घ्या. मालकालाही तिथं जाता येतं: जागाच राहिली नाही, विभाग बंद पडला, असं त्याचं म्हणणं असेल तर. प्राधिकारी तीनपैकी एक आदेश देऊ शकतो. मालकाला सूट, किंवा ठरवून दिलेल्या अटींवर कामावर घ्या, किंवा कामावर न घेतल्याबद्दल भरपाई. भरपाईची कमाल मर्यादा शेवटच्या पगाराच्या दरानं सहा महिने. आदेश मोडला तर हजार रुपयांपर्यंत दंड, शिवाय कोर्ट सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम भरायला लावू शकतं.

हजार रुपयांच्या दंडाला आज चहाचा टपरीवालाही भीत नाही, हे मान्य. कायदा जुना आहे आणि त्याचे आकडेही. म्हणूनच सांगतो, भरवसा दंडावर नव्हे, आपल्या कागदांवर ठेवा.

सरकारी नोकरीत आणि परदेशात असाल तर

सरकारी कर्मचाऱ्यांची रजा आणि पगार त्यांच्या सेवानियमांनी ठरतात. आस्थापना शाखेला निघण्यापूर्वी लेखी विचारा आणि सेवापुस्तकात नोंद झाल्याची खात्री करा. गंमत अशी, की याच कायद्यात सरकारी आणि सार्वजनिक उपयुक्त सेवेतल्या २० ते ४० वयाच्या लोकांना टीएत सक्तीनं घेण्याची तरतूदही आहे, तेव्हा तुमच्या साहेबानं नाक मुरडायचं कारण नाही.

अमेरिकेत नॅशनल गार्डमध्ये गेलेल्या आपल्या पोरांना १९९४चा 'युसेरा' कायदा लागू होतो, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फार वेगळं चालतं. तीस दिवसांपर्यंतची सेवा असेल तर घरी पोचून आठ तास विश्रांती झाली की पुढच्याच पाळीला हजर. १८० दिवसांपर्यंत असेल तर १४ दिवसांत अर्ज, त्याहून जास्त असेल तर ९० दिवसांत. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली घरांमध्ये राखीव सेवा, त्यांचं 'मिलुइम', तर रोजच्या बोलण्यातलं आहे. तिथं त्या दिवसांच्या पगाराचा भार राष्ट्रीय विमा उचलतो, त्यामुळं मालकाची कुरकुर निम्मी होते. आपल्याकडं तशी सोय असती, तर माझ्या खिडकीतली बरीच भांडणं झालीच नसती.

तो फिटर पुढं आणखी तीनदा गेला. दर वेळी निघायच्या आदल्या दिवशी दोन प्रती घेऊन खिडकीशी यायचा, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायचा, "साहेब, आधी शिक्का."